ठाकूरद्वारला घर घेताना

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरचे आमचे ७१० चौरस फुटांचे घर विकून आम्ही २०२३ साली गिरगावात, ठाकूरद्वार नाक्याजवळच्या एका गल्लीत, ३८५ चौरस फुटांचे घर घेतले. ठाण्याच्या संकुलात पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती, प्रत्येक विंगला दोन लिफ्ट होत्या. इथे १९७४ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत लिफ्टच नाही, आणि पहिल्या मजल्यावरील आमच्या दारापर्यंत वीस पायऱ्या आहेत, ज्या माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई रोज मोजून चढतात. व्यवहार ठरल्याचे कळले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, लोक चाळीतून मोठ्या घरात जातात, तुम्ही उलटे निघालात." मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेला, माझ्या निवृत्तीला सहा वर्षे उरलेली आणि घरात माणसे तीन, एवढा हिशेब तिला सांगितला, पण खरे कारण त्या हिशेबात नव्हते.

खरे कारण असे की ठाण्याच्या घरातून पायी कुठेच जाता येत नव्हते. संकुलाचे फाटक ओलांडले की सेवारस्ता, त्यापलीकडे महामार्ग, त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि न थांबणारी अवजड वाहने. दूध संपले तर स्कूटर काढावी लागे. माझे कार्यालय फोर्टात असल्याने सकाळी रिक्षाने ठाणे स्थानक, तिथून जलद लोकलने सीएसएमटी आणि पुढे चालत, असा एका बाजूचा पावणेदोन तासांचा प्रवास मी एकोणीस वर्षे केला. माझे एक वेळ ठीक होते, निदान मी बाहेर पडत होते. सासूबाई मात्र शेवटच्या चार वर्षांत एकदाही एकट्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. त्यांना चालता येत नव्हते असे नाही. चालत जावे असे काही जवळ नव्हते आणि जे होते ते रस्त्याच्या पलीकडे होते.

घर शोधायला लागलो तेव्हा पहिल्याच दलालाने विचारले, "मॅडम, व्ह्यू पाहिजे का?" समुद्राजवळ राहणे आणि समुद्र दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किंमत पहिलीच्या किमतीशी काहीही नाते ठेवत नाही, हे त्या एका प्रश्नानंतरच्या अर्ध्या तासात समजले. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या; त्या आमच्या आवाक्यात आधीही नव्हत्या. पण त्यांच्यामागे रेल्वेचे रूळ ओलांडले की महर्षी कर्वे रस्ता, आणि त्याच्या आतल्या बाजूला जगन्नाथ शंकरशेट मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वाड्यांचे, गल्ल्यांचे गिरगाव. तिथल्या कुठल्याही खिडकीतून समुद्र दिसत नाही, मात्र उतारवयाच्या चालीनेही वीस-पंचवीस मिनिटांत तो गाठता येतो. आम्ही दलालाला सांगितले की खिडकीबाहेर भिंत असली तरी चालेल, फक्त स्थानक, बाजार, दवाखाना आणि चौपाटी पायी अंतरावर हवी. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आणि निराशेचा भाव एकाच वेळी उमटला.

त्यानंतर सहा महिने आम्ही घरे पाहिली, आणि या काळात मी जे शिकले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दक्षिण मुंबईत घर पाहायला निघालेल्या बाहेरच्या माणसाचा पाय इथेच घसरतो. ठाण्यात घर म्हणजे मालकीचे घर, दुसरा अर्थ नाही. गिरगावात मात्र 'घर विकायचे आहे' या वाक्यामागे पहिला प्रश्न असतो तो पागडी की ओनरशिप. पागडीच्या घरात तुम्ही लाखो, कधी कोटीही मोजता, पण मालक होत नाही. तुम्ही भाडेकरू होता, तुमच्या नावाने भाडेपावती फाटते, आणि घर पुढे दुसऱ्याला देताना येणाऱ्या रकमेतला हिस्सा, बहुधा तिसरा, रिवाजाने घरमालकाला द्यावा लागतो. आम्ही मुगभाटात पाहिलेल्या एका खोलीचे मासिक भाडे दोनशे चाळीस रुपये होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या पागडीला रीतसर मान्यता दिली, त्यापूर्वी हा सारा व्यवहार विश्वासावर आणि अंधारात चाले. पागडीत वाईट काही आहे असे मी म्हणणार नाही. गिरगावातील मराठी कुटुंबे तीन-तीन पिढ्या याच आधारावर टिकली. परंतु बँका पागडीच्या घरावर सहसा गृहकर्ज देत नाहीत आणि इमारतीचे पुढे काय होणार याचा निर्णय तुमच्या हाती राहत नाही, हे पैसे देण्यापूर्वी समजून घ्यायला हवे. आम्हाला एका दलालाने तीन आठवडे पागडीचे घर ओनरशिप म्हणून दाखवले. कागद मागितल्यावर त्याने भाडेपावत्यांची चळत पुढे केली आणि "हेच कागद, इथे असेच असते," असे शांतपणे सांगितले. त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नव्हता, असे मला आजही वाटते.

दुसरा शब्द कानावर पडतो तो 'सेस बिल्डिंग'. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या, भाडेकरू असलेल्या मुंबईच्या बेट-शहरातील, म्हणजे उपनगरे सोडून जुन्या शहरातील, खासगी इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजेच सेस, बसवण्यात आला. त्यावेळी अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी आज म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे आणि दर पावसाळ्यापूर्वी हे मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. या इमारतींचा पुनर्विकास विकास नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली होतो आणि त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळते. त्यामुळे १२० फुटांच्या खोलीची किंमत सांगताना विक्रेता त्या खोलीची सांगत नाही, अजून न उगवलेल्या ३०० फुटांची सांगतो. टेकूवर उभ्या असलेल्या जिन्यावरून आम्ही अशा एका खोलीत गेलो, तेव्हा घरातील आजोबांनी आम्हाला खोली दाखवलीच नाही. भिंतीवर चिकटवलेले टॉवरचे रंगीत चित्र दाखवले. ते चित्र उन्हाने फिके पडले होते.

आमचे घर सापडले ते सहकारी गृहनिर्माण संस्थेतील, मालकीचे, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झालेले. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. कित्येक संस्थांच्या सदस्यांकडे घरे असतात, पण पायाखालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते. वकिलांनी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून पाहिली आणि मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल तयार केला. सगळे स्वच्छ निघाले, एक सोडून. घर ज्या बाईंच्या नावावर होते त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. विकणारी त्यांची थोरली मुलगी संस्थेत नामनिर्देशित होती, संस्थेचे भागपत्रही (शेअर सर्टिफिकेट) तिच्या नावे झाले होते, आणि म्हणून ती प्रामाणिकपणे स्वतःला मालक समजत होती. वकिलांनी समजावले की नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने घर सांभाळणारी असते, मालकी वारसांकडेच जाते. आणि वारस तीन होते. एक बहीण नाशिकला, एक भाऊ कॅनडात. भावाने आपला वाटा विकला असता तर परदेशस्थ विक्रेत्याचा म्हणून त्याच्या रकमेतून नेहमीच्या एक टक्क्याऐवजी कितीतरी अधिक दराने टीडीएस कापावा लागला असता. शेवटी दोन्ही भावंडांनी थोरलीच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याचे ठरले. भावाने तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठवले, त्यात वडिलांच्या नावाचे एक अक्षर चुकले, ते परत गेले, पुन्हा आले. या सगळ्यात सात महिने गेले. ठाण्याचे घर तोवर विकले गेले होते, म्हणून आम्ही त्याच संकुलात भाड्याने राहिलो, आणि भांडवली नफ्यावरील सवलतीसाठी दोन वर्षांच्या आत नवे घर घ्यायचे असते, ती मुदत यजमानांनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली.

या सात महिन्यांचा एक फायदा झाला: घर चार वेळा, चार ऋतूंत म्हणावे तसे, पाहता आले. पहिल्या भेटीत दलालाने ५२० फूट सांगितले होते. यजमानांनी फीत लावून मोजले तेव्हा भिंतींच्या आतले चटई क्षेत्र ३८५ भरले. दुसऱ्या भेटीला आम्ही ओळखीच्या गवंडीकाकांना नेले. त्यांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि स्वयंपाकघराच्या छताला ठिकठिकाणी टकटक करत फिरले. जिथे गिलावा धरून होता तिथे आवाज टणक येई. खिडकीवरच्या तुळईजवळ मात्र तो बद्द झाला, मडक्यावर वाजवल्यासारखा. त्यांनी तेवढा तुकडा अलगद पाडला. आतली सळई बोटभर जाड फुगलेली, तांबूस, आणि नखाने खरवडली तर पापुद्रे सुटत होते. "खारी हवा, ताई," एवढेच ते म्हणाले. लोखंड गंजताना फुगते आणि काँक्रीट फोडते; समुद्राजवळच्या इमारतींचे आयुष्य याच एका गोष्टीने कमी होते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, म्हणून आम्ही संस्थेकडे तो अहवाल मागितला आणि सचिवांनी तो दिलाही. त्यात मोठी दुरुस्ती सुचवली होती, आणि प्रत्येक सदस्याच्या वाट्याला येणारी रक्कम आम्ही घराच्या किमतीतून वजा करून घेतली. समुद्राजवळ घर घेताना खिडकीतून बाहेर नंतर पाहावे, आधी वर छताकडे पाहावे, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

नोंदणीचे फार सांगण्यासारखे नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह सहा टक्के आहे, परंतु घर केवळ स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत मिळते, आणि आमच्या बाबतीत हा एक टक्का लाखाच्या पुढे जात होता. यजमान म्हणाले, "तुझ्या एकटीच्या नावावर घे, आयुष्यभर मी वर्गात हजेरी घेतली, आता घरातली हजेरी तुझ्याकडे." नोंदणी शुल्क कमाल तीस हजार, संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य कमाल पंचवीस हजार, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे उमटवून, छायाचित्रे काढून अर्ध्या दिवसात सगळे आटोपले. सासूबाईंना मी पेढे दिले तेव्हा त्यांनी विचारले, "अगं, पण पिठाची गिरणी जवळ आहे ना?" होती. इमारतीच्याच तळमजल्यावर.

आता रोजचे जगणे. सकाळी साडेनऊला घरातून निघते. ठाकूरद्वार नाक्यावरून शंकरशेट मार्गाने चिराबाजार, पुढे प्रिन्सेस स्ट्रीट ओलांडून धोबीतलाव, मेट्रो सिनेमाचा चौक, आझाद मैदानाच्या कडेने हुतात्मा चौक; पस्तीस मिनिटांत मी कार्यालयात असते. परतताना चिराबाजारात मासळी घेते, आणि कोळणीशी घासाघीस करण्याइतका वेळ हातात असणे ही एकोणीस वर्षांच्या लोकल प्रवासानंतर मला अजून चैन वाटते. यजमानांना गेल्या वर्षी रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा आम्ही टॅक्सीची वाट न पाहता चालत रुग्णालयात पोहोचलो. तो वाताचा प्रकार निघाला, आणि इतक्या दुखण्यात चालवत नेल्याबद्दल डॉक्टरांनी आम्हा दोघांना चांगलेच सुनावले, ते योग्यच होते. साहित्य संघातील नाटक सुटल्यावर शेवटच्या लोकलचा विचार मनात येत नाही. गाडी आम्ही आल्यानंतर तीन महिन्यांत विकली, कारण ती उभी करायला जागा नव्हती आणि काढायला कारण नव्हते.

सासूबाईंचा पहिला महिना घरातच गेला. मग एके दिवशी त्या गिरणीत दळण टाकायला गेल्या आणि तासाने परतल्या. नाक्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात फणसवाडीचे बालाजी मंदिर, मग चर्नी रोड स्थानकासमोरची बाग. चौपाटीला त्या प्रथम माझ्याबरोबर आल्या. रुळांवरच्या पुलाच्या पायऱ्या दोनदा थांबून चढल्या, पलीकडे उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्याला हात लावला, आणि काही न बोलता तिथेच बसल्या. आता आठवड्यातून तीनदा त्या शेजारच्या दोघींबरोबर लोकमान्यांच्या पुतळ्यापर्यंत जातात. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांवर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले, ही गोष्ट त्या मला दर वेळी नव्याने सांगतात आणि मी दर वेळी नव्याने ऐकते.

गैरसोयी सांगितल्या नाहीत तर हे लेखन जाहिरातीसारखे वाटेल. पदपथ नावापुरते आहेत. त्यावर दुकानांच्या पेट्या, दुचाकी आणि खोदकामाची माती असते, त्यामुळे 'चालण्याजोगी वस्ती' याचा इथला अर्थ गाड्यांच्या मधून वाट काढण्याजोगी वस्ती असा आहे. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, पंख्याच्या पात्यांवर गंजाचे ठिपके उमटतात, खिडकीच्या जाळ्या दर दोन वर्षांनी रंगवाव्या लागतात. साडेचार मीटरहून मोठ्या उधाणाची भरती असते त्या दिवशी लाटा काठावरच्या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांवरून उसळून थेट रस्त्यावर येतात. लोक ते पाहायला लांबून येतात आणि आम्ही मात्र त्या दिवशी जात नाही. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याची वरळीहून येणारी बाजू सुरू झाल्यापासून मरीन ड्राइव्हवर गाड्यांचे लोंढे वाढल्यासारखे वाटतात, आणि समुद्राकाठी येऊन वाहनांचाच आवाज ऐकावा लागतो. अनंत चतुर्दशीला तर आमची गल्ली दोन दिवस आमची नसते. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गिरगाव या उत्सवाचे घर आहे, हे मान्य. पण ढोलताशांच्या पथकाने रात्री दोन वाजता खिडकीखाली मुक्काम ठोकला की अभिमानाला मर्यादा पडतात. जिथे आपल्याला सगळीकडे चालत जाता येते, तिथे सगळे जग चालत आपल्याकडेही येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगाव स्थानक उघडले. दलालांचे फोन वाढले ते तेव्हापासून. या मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथली कुटुंबे कित्येक वर्षे तात्पुरत्या घरांत राहिली, हे आमच्या गल्लीत कुणी विसरलेले नाही; तरी विमानतळाकडे थेट जाता येते याचे कौतुकही त्याच तोंडाने होते. मीही करते.

आणि आता आमच्याच संस्थेच्या फलकावर पुनर्विकासाची सूचना लागली आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालील प्रक्रियेनुसार सर्वसाधारण सभा बोलावली आहे, वास्तुविशारदाने प्राथमिक आराखडा ठेवला आहे. त्यात तेवीस मजले आहेत, आम्हाला मोठे घर आहे, वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसणार आहे, आणि पहिले पाच मजले वाहनतळाचे आहेत. आमच्या बावीस बिऱ्हाडांपैकी गाडी तिघांकडे आहे. इमारतीची अवस्था मला ठाऊक आहे. ती फुगलेली सळई मी स्वतः पाहिली आहे, आणि दुरुस्तीवर किती वर्षे काढणार हा तरुण सदस्यांचा प्रश्न चुकीचा नाही. परंतु आराखड्यातील तळमजला मी भिंग घेऊन पाहिला: तिथे संगमरवरी प्रवेशदालन आहे, सुरक्षारक्षकाची खोली आहे, वाहनांसाठी चढण आहे. गिरणी नाही, इस्त्रीवाला नाही, शाळेच्या वह्या विकणारे काका नाहीत. गल्लीतल्या तीन टॉवरचे तळमजले असेच आहेत, आणि त्यांच्यासमोरून जाताना सासूबाई पावले झपाझप टाकतात, कारण तिथे थांबून बोलायला कुणी नसते.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. तळमजल्यावरील दुकानांना रस्त्याच्या बाजूला पुन्हा जागा द्यावी आणि वाहनतळाचे मजले कमी करावेत, असे पत्र मी सचिवांना दिले आहे. त्यावर आतापर्यंत सात सह्या झाल्या. यजमानांनी आराखड्यावर शिक्षकाच्या सवयीने लाल शेरे मारून ठेवले आहेत आणि सासूबाईंनी गिरणीबद्दल नेमके काय बोलायचे ते मला दोनदा सांगितले आहे. दोघांनाही सभेत बोलता येणार नाही. एक टक्का वाचवण्यासाठी घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले, त्यामुळे सदस्यही मी एकटीच आहे.